पिकाची राखण व रानाचे रक्षण

दसरा जवळ आला की डोंगराकाठच्या गावांतून रात्रीची झोप उडते. भात निसवून दुधात आलेले असते, भुईमुगाच्या शेंगा भरत असतात, मक्याची कणसे टणक होऊ लागतात. आणि नेमक्या याच वेळी रानडुकरांचे कळप अंधार पडताच शिवारात उतरू लागतात. चार महिन्यांच्या कष्टाचे शेत एका रात्रीत नांगरल्यासारखे उलथेपालथे होते. सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या मनात जो संताप दाटतो, त्याची कल्पना ज्याने कधी पीक उभे केले नाही त्यास येणे कठीण. या संतापाच्या भरातच माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते, कुंपणाच्या वाटेवर तारेची फासकी लागते, नाही तर विजेच्या खांबावर आकडा टाकून शेताभोवती जिवंत तार सोडली जाते. असा निर्णय एका रात्रीत होतो. त्याची फळे मात्र घराला आणि गावाला पुष्कळ दिवस भोगावी लागतात. म्हणून या प्रश्नाचा विचार पीक तोंडाशी आल्यावर नव्हे, पेरणीपूर्वीच व्हावयास हवा.

जुना शिकारीचा हंगाम

शिकारीला हंगाम असावा ही कल्पना आजची नव्हे. माद्या गाभण असतात, पाखरे अंडी उबवीत असतात, अशा काळात हत्यार खाली ठेवावे, हे जुने जाणते शिकारीही मानीत असत. १९१२ च्या कायद्याने असा बंद काळ ठरविण्याचा अधिकार त्या वेळच्या प्रांतिक सरकारांना दिला. पुढे मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. या नियमांमागील विचार साधा होता. बियाण्याची कणगी फोडून जो खातो त्याला पुढील वर्षी पेरावयास काही उरत नाही. रानाचेही तसेच आहे.

परंतु नियम कागदावर राहिले आणि बंदुका रानात फिरत राहिल्या. मोटारी आल्या, प्रखर दिवे आले, आणि दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभ्या राहिलेल्या जनावराला मारण्यास काही कौशल्य लागेनासे झाले. भारतातील चित्त्याचा शेवट या काळात झाला. देशातील शेवटचे म्हणून ज्यांची नोंद आहे ते तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारले गेले, आणि १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडावे लागले. एका पिढीने बेफिकिरीने जे गमावले ते परत आणण्यास दुसऱ्या पिढीला समुद्रापलीकडे जावे लागते, हा धडा विसरण्यासारखा नाही.

वाघाचीही तीच वाट होती. १९७२ च्या गणतीत देशभरात अवघे १,८२७ वाघ असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत झाला, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत विदर्भातील मेळघाटचा समावेश होता. १९९१ मधील दुरुस्तीने परवाना घेऊन हौसेची शिकार करण्याची वाटही बंद झाली. २०२२ च्या अंदाजानुसार देशात ३,६८२ वाघ होते व त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात होते. मोजणीच्या रीती बदलल्या हे खरे. तरी योग्य वेळी हात आवरला तर रान पुन्हा भरते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

तेव्हा आज महाराष्ट्रात हौसेच्या शिकारीला हंगाम उरलेला नाही. वर्षाचे बाराही महिने बंद काळ आहे. उरला आहे तो राखणीचा हंगाम, आणि त्याची पूर्वतयारी हाच आजचा खरा प्रश्न आहे.

शेतकऱ्याची तक्रार खरी आहे

वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा उपदेश शहरात बसून करणे सोपे असते. त्याची किंमत रानाकाठच्या शेतकऱ्याला मोजावी लागते. कोकणात व सह्याद्रीच्या कुशीत रानडुकरे व माकडे, कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे गवे, विदर्भात रोही, तर सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानावर हरणे, असा हा उपद्रव प्रदेशाप्रमाणे रूप बदलतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचे. तेथे काळवीट टिकले, वाढले, ही आनंदाची गोष्ट होय. पण काळविटाला अभयारण्याची हद्द कळत नाही. त्याला शेजारच्या शेतातील ज्वारीचे कोवळे पोंगे व हरभऱ्याचे घाटे तेवढे कळतात. संरक्षणाला यश आले, की त्याचा काही भार शेजारच्या शेतावर पडतो. हे उघडपणे मान्य केल्याखेरीज शेतकऱ्याशी या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही.

रानडुकराची संख्या लवकर वाढते, हेही खरे. मादी सुमारे चार महिन्यांत विते आणि एका वेतात चार-सहा पिले सहज देते. वाघ, बिबट्या व कोळसुंदे हे त्यांचे स्वाभाविक शत्रू. जेथे ते उरले नाहीत, आणि जेथे उसाच्या फडांत बारमाही आसरा व खाद्य मिळते, तेथे डुकरे बेसुमार होतात. म्हणजे बिबट्याचा नाश करणारा माणूस आपल्या शेतातील डुकरांनाच अभय देत असतो.

फासकी आणि जिवंत तार

शेतकऱ्याचा राग न्याय्य असला, तरी त्या रागातून योजलेले सर्वच उपाय न्याय्य अथवा उपयोगी ठरत नाहीत. फासकी लावणाऱ्याच्या मनात डुक्कर असते. पण तारेच्या फासाला जनावराची जात ओळखता येत नाही. कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. कमरेत तार रुतलेला, वेदनेने पिसाळलेला बिबट्या गावाच्या वेशीवर असणे हे पाच डुकरे शेतात असण्यापेक्षा कितीतरी अधिक भयंकर होय. पिठाच्या गोळ्यात स्फोटक दडवून ठेवणारा माणूस तर आपल्याच गोठ्याशी खेळतो. तो गोळा डुकराच्याच तोंडी जाईल, चरावयास गेलेल्या गाईच्या जाणार नाही, याची हमी कोण देणार? विष घातलेल्या धान्याने मोर मरतात, त्यांची प्रेते खाणारे प्राणी मरतात, आणि ओढ्याच्या पाण्यातून ते विष गुरांपर्यंत पोचते.

सर्वांत घातक म्हणजे विजेची जिवंत तार. ती अंधारात दिसत नाही. पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारी, शेळ्यांमागे धावणारे पोर, रात्री उशिरा घरी परतणारा स्वतःचाच भाऊ, यांपैकी कोणीही तिला बळी पडू शकतो, आणि असे बळी महाराष्ट्रात अनेक गावांनी पाहिले आहेत. ज्या घरातून ती तार सोडली गेली त्या घराचा कर्ता पुरुष तुरुंगात जातो, आणि दोन घरे एकाच रात्री उजाड होतात. एका एकरातील मक्याची ही किंमत कोणत्याही हिशोबात बसत नाही.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. गोळी घालणे म्हणजेच शिकार, असा समज अजून पुष्कळांचा आहे. अधिनियमाच्या दृष्टीने सापळा लावणे, फासात धरणे, हाका करून जनावर उठविणे, आमिष ठेवणे, पाखरांची अंडी वा घरटी मोडणे, हीदेखील शिकारच होय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काळवीट, मोर यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत किमान तीन व कमाल सात वर्षे कैद असून, दंड पंचवीस हजार रुपयांहून कमी असू शकत नाही.

हौसेने मारल्या जाणाऱ्या लहान प्राण्यांविषयीही येथे दोन शब्द सांगणे जरूर आहे. घुबड अशुभ म्हणून, धामण साप म्हणून, कोल्हा चोर म्हणून मारला जातो. हे तिघेही उंदीर खाऊन जगतात. उंदीर उभ्या पिकात खातो, खळ्यात खातो आणि कणगीतही खातो. त्याच्यावर चोवीस तास बिनपगारी पाळत ठेवणाऱ्या राखणदारांना काठीने मारून मग दुकानातून उंदराचे औषध विकत आणावे, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

पूर्वतयारी कोणती करावी

राखणीची तयारी वैशाख-ज्येष्ठातच सुरू व्हावी. गावाचे शिवार पायाखाली घालून जनावरे कोणत्या ओढ्याने, कोणत्या खिंडीने उतरतात त्या वाटा हेरून ठेवाव्या. डुक्कर सहसा ठरलेल्या वाटेनेच येते. सगळ्या शिवाराला कुंपण घालणे कोणास परवडणार? परंतु या चार-दोन वाटा गावाने मिळून रोखल्या तर निम्मे काम होते. बांधावरील झुडपे व गवताची दाटी काढून टाकली, की जनावरास दबून बसण्यास जागा राहत नाही.

रानालगतच्या शेतकऱ्यांनी एक पीक, एक वेळ हे धोरण ठेवावे. एकट्याचेच भात आधी पिकले वा एकट्याचाच भुईमूग मागे राहिला, तर साऱ्या रानाचे लक्ष त्या एका शेतावर लागते. पेरण्या व काढण्या एकाच सुमारास झाल्या म्हणजे नुकसान विभागले जाते आणि राखणीचे दिवसही कमी होतात. रब्बीत शेताच्या कडेने करडईच्या चार ओळी घेण्याची जुनी रीत आहे. करडईच्या काट्यांमुळे जनावर बिचकते आणि तेलबियांचे उत्पन्नही हाती येते. पक्क्या कुंपणासाठी करवंद, सागरगोटा, शिकेकाई, घायपात यांची जिवंत कुंपणे लावावी. ती वाढण्यास दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून ती आजच लावावी.

ज्यांना शक्य असेल त्यांनी सौर कुंपण करावे. त्यातील विजेचा झटका क्षणभराचा असतो. जनावराला तो चांगलाच जाणवतो, पण त्याने जीव जात नाही. मात्र त्याला योग्य यंत्र जोडलेले असणे अत्यावश्यक आहे. घरच्या विजेची तार जोडून केलेले कुंपण म्हणजे सौर कुंपण नव्हे, तो फासच होय. अशा कुंपणांसाठी शासनाच्या अनुदानाच्या योजना असतात, त्यांची चौकशी वनखात्याच्या व कृषी खात्याच्या कार्यालयात उन्हाळ्यातच करावी. कुंपणाखालचे गवत दर आठवड्यास कापले नाही, तर वीज गवतातून जमिनीत उतरते व कुंपण निकामी होते. कुंपण बसवून विसरून जाणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

बुजगावणी, रंगीत लुगडी, केसांचे पुंजके, फटाके, डबे वाजविणे, हे उपाय काही दिवस लागू पडतात. नंतर जनावर सरावते. म्हणून ते आलटून पालटून करावे आणि पीक खरोखर धोक्यात असेल त्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावे. सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे, तो म्हणजे माणसाची जाग. एकेकट्याने रोज रात्र काढणे अशक्य; पण दहा घरांनी पाळ्या लावल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा दिवसांतून एक रात्र येते. दोघांनी मिळून, उजेड घेऊन, मचाणावर बसून राखण करावी. एकट्याने अंधारात जनावराच्या मागे लागू नये.

ऊस तोडताना जुन्नरच्या परिसरात बिबट्याचे बछडे सापडतात. ते उचलून घरी आणण्याचा मोह टाळावा. मादी जवळपासच असते आणि पिलू नाहीसे झाल्यास ती आक्रमक होते. तोड थांबवून, माणसे दूर घेऊन, वनखात्यास कळवावे. पिलू जागच्या जागी राहिले तर मादी बहुधा रात्री येऊन ते घेऊन जाते.

बंदूकधाऱ्याचे कर्तव्य

इतके करूनही उपद्रव थांबला नाही, तर कायद्याने मार्ग ठेवला आहे. मालमत्तेस धोकादायक झालेल्या ठरावीक प्राण्यांविषयी अधिकृत परवानगी देता येते, आणि मालमत्ता या शब्दात उभ्या पिकाचा समावेश अधिनियमाने स्पष्टपणे केला आहे. काळवीट वा मोर यांच्या बाबतीत पिकाचे कारण चालत नाही. रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीचे नियम राज्य शासन वेळोवेळी ठरवीत असते. ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला, म्हणजे जनावर मारण्याचीही परवानगी मिळाली, असा गैरसमज कोकणात विशेष आढळतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिलीवरून दुसरी आपोआप मिळत नाही.

परवानगी मिळाल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. परवानगी कोणत्या प्राण्यासाठी, कोणत्या गटासाठी व किती दिवसांसाठी आहे हे वाचून घ्यावे. जनावर पूर्णपणे दिसल्याखेरीज व ओळखल्याखेरीज घोड्यावर बोट ठेवू नये. झुडूप हलले म्हणून गोळी झाडली आणि झुडपामागे सोबतीच निघाला, असे दुर्दैवी प्रसंग घडले आहेत. जनावराच्या पलीकडे वस्ती, रस्ता वा गोठा नाही याची खात्री करावी. दारू प्यालेल्या माणसाच्या हाती बंदूक देऊ नये. अंतर फार असल्यास गोळी राखून ठेवावी. जखमी डुकरासारखे घातक जनावर नाही, आणि त्याला रानात तडफडत सोडणे हे माणुसकीलाही शोभत नाही.

परवानगीने मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे असते. ते वनखात्याच्या ताब्यात द्यावे लागते. या नियमावर पुष्कळांचा रोष असतो. पण तोच या सर्व व्यवस्थेचा कणा आहे. ज्या गावात मांसाचे वाटे पडतात, त्या गावात पिकाचे नाव पुढे करून भूकच बंदूक चालवीत असते, आणि मग पीक काढून झाल्यावरही रानातले बार थांबत नाहीत. मांस हाती येणार नसेल, तर पीक खरोखर धोक्यात आहे तोच परवानगी मागेल.

ग्रामकार्यकर्त्यांवरील भार

या सर्वांत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे स्थान फार महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याला कायदा सांगावयाचा आणि नुकसानभरपाईचा अर्ज मात्र त्याचा त्याने शोधावयाचा, ही रीत योग्य नव्हे. रानाच्या रक्षणासाठी समाजाने शेतकऱ्याचे हात बांधले आहेत. तेव्हा त्याचे नुकसान भरून देणे हे समाजाचे ऋण आहे, उपकार नव्हे. पीक खाल्ले गेल्याची खबर त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी द्यावी, शेत तसेच ठेवावे, छायाचित्रे घ्यावी. वन, महसूल व कृषी या खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी विलंब न लावता पंचनामा करावा. सातबाऱ्याचा उतारा, बँकेच्या खात्याचा तपशील इत्यादी कागद हंगामापूर्वीच एकत्र करून ठेवण्यास कार्यकर्त्याने शेतकऱ्यास मदत केली, तर पुढील अर्धी यातायात वाचते. वनखात्याचा १९२६ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

ज्या शेतकऱ्याला तीन हंगाम ओळीने भरपाई मिळत नाही, तो चौथ्या हंगामात जिवंत तार सोडतो. त्या तारेवर जे काही मरेल त्याचा दोष तार सोडणाऱ्याकडे जातो, आणि तो त्याचाच आहे. परंतु वेळेवर न झालेल्या पंचनाम्याचाही त्यात वाटा असतो, हे प्रत्येक कर्मचाऱ्याने मनाशी जाणावे.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. त्या भागातील जुन्या माणसांनी हा मोठा, डौलदार पक्षी शेतातून चालताना पाहिला आहे. आज तो तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पूर्वीची शिकार, मोडलेली माळराने, विजेच्या तारा, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत, आणि आता पश्चात्तापाने तो परत येणार नाही. रानडुक्कर आज उदंड आहे म्हणून त्याच्या नावाने लावलेली फासकी उद्या जे विरळ आहे तेही घेऊन जाईल. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक रानाकाठच्या गावाने एक बैठक घ्यावी, जनावरांच्या वाटा पाहून घ्याव्या, राखणीच्या पाळ्या लावाव्या, भरपाईचे कागद तयार ठेवावे, आणि गावात एकही फासकी व एकही जिवंत तार लागणार नाही असा ठराव करावा. या तयारीला एक दिवस व थोडा एकोपा लागेल. पीकही राहील, रानही राहील, आणि पहाटे पाणी द्यावयास गेलेला माणूस सुखरूप घरी येईल.